नको म्हणणाऱ्या मथूबाई

"एकच घ्या हो, एकानं काय होतंय?" असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं सणकतं. अहो, एकानंच होतं! जे काय व्हायचं ते त्या पहिल्या एकानंच होतं. हे मला मथूबाईंनी शिकवलं, आणि मी ते जन्मात विसरले नाही. माझ्या सुना माघारी म्हणतात, सासूबाई पंगतीत आग्रह करत नाहीत, हात आखडता आहे त्यांचा. म्हणू देत. ज्याला हवं तो मागून घेईल आणि ज्याला नको त्याला मी छळणार नाही. मथूबाईंचा छळ मी डोळ्यांनी पाहिलाय. एकदा तर, सांगायला लाज वाटते, पण त्यात माझाही हात होता.

लढाईचे दिवस होते. मी ट्रेनिंग संपवून राहात्याच्या मुलींच्या मराठी शाळेत दुय्यम शिक्षिका म्हणून गेले. वय एकोणीस, आणि धिटाई नावाला नाही. मथूबाई हेडबाई. पंचेचाळिशी उलटलेली, उंच, हाडापेरानं दणकट, अंगावर गडद सुती लुगडं, कपाळ मोकळं आणि पायात चपला. वर्गात चपला, घरात चपला, स्वैपाकघरातसुद्धा चपला! गावातल्या बायकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. नगरच्या डॉक्टरांनी अनवाणी चालायची बंदी केली होती, म्हणून बाई देवळातही जात नसत. रस्त्यावरूनच हात जोडायच्या. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "देवानं माझं तोंड बघावं. पायांकडं कशाला बघतोय तो?"

बाईंना मधुमेह होता. गावात त्याला गोड लघवीचा आजार म्हणत, तेही कुजबुजत. सुईचं औषध निघालेलं होतं, पण लढाईत ते कधी मिळे, कधी महिनोन् महिने मिळत नसे. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, औषधाच्या भरवशावर राहू नका, पथ्य हेच औषध. साखर, गूळ बंद. भात बंद. भाकरी, पालेभाजी, कारलं, ताक. पेरू अर्धा. पेरूंच्या बागांच्या राहात्याला राहायचं आणि पेरू अर्धा खायचा, ही काय शिक्षा आहे ते तिथल्यालाच कळेल. त्यात गावाच्या चारी बाजूंनी पाटाच्या पाण्यावरचा ऊस. गुऱ्हाळं लागली की वारासुद्धा गोड व्हायचा. बाई शाळेच्या ओट्यावर उभ्या राहून तो वास छातीभर ओढून घ्यायच्या. "वास घ्यायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही," हे वर मलाच ऐकवायच्या.

कारण बाईंना गोड आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, जीव टाकायच्या गोडावर! आणि त्यामागं एक गोष्ट होती, ती त्यांनीच मला सांगितली. बाविसाव्या वर्षी नवरा वारला. सासर सोनईचं, भिक्षुकीचं घर. दुसऱ्या दिवसापासून एकभुक्त जेवण, गोडाधोडाचं नाव नाही, सणाच्या दिवशी सगळ्यांची पुरणपोळी हिनं लाटायची आणि आपण माजघरात बसून आमटी-भाकरी खायची. चार वर्षं काढली त्यांनी. मग भावाच्या मदतीनं पळून पुण्याला ट्रेनिंगला गेल्या, मास्तरीण झाल्या, आणि पहिला पगार हातात पडला त्या दिवशी नगरच्या भर बाजारात हलवायाच्या बाकावर बसून त्यांनी पावशेर जिलबी खाल्ली. विधवा बाई, भर दुपारी, रस्त्याकडं तोंड करून! "लोक बघत होते का हो?" मी विचारलं. "बघत होते म्हणून तर आणखी पावशेर घेतली," बाई म्हणाल्या.

पुढं पंधरा वर्षं त्यांनी मन मानेल ते खाल्लं. आणि मग हा आजार. सोनईच्या दिरांचं लगेच पत्र आलं, की वहिनी, धर्मानं सांगूनही गोड सोडलं नाहीत, आता देवानंच सोडायला लावलं. बाईंनी ते पत्र फाडलं नाही की जाळलं नाही. स्वैपाकघराच्या खुंटीला टोचून ठेवलं. म्हणायच्या, "राहू दे. मला गोड खाऊ नये असं वाटायला याचा उपयोग होत नाही, उलट खावंसंच वाटतं. पण जगावंसं वाटायला फार उपयोग होतो."

गोड खायची हुक्की आली की बाई तिला जावई म्हणायच्या. "आला गं जावई. न सांगता येतो आणि वाढेपर्यंत रुसून बसतो मेला." त्याला पाणी विचारायचं, जेवायला विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. पेलाभर ताक प्यायच्या, चार मेथीदाणे दाढेखाली धरायच्या आणि मोठ्यानं औटकी म्हणायला लागायच्या. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बे औटे सात, तीन औटे साडेदहा, अशा चढत चढत जायच्या. पाढा संपेपर्यंत जावई बहुतेक निघून गेलेला असायचा. नाही गेला तर परत पहिल्यापासून. मुलींनाही हे ठाऊक झालं होतं. दुपारी बाईंचा आवाज चढला की पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत, "बाईंना पेढा पायजे!" आणि सगळा वर्ग त्यांच्यासोबत औटकी म्हणायला लागे. शाळा तपासायला दीपोटी आले की आमच्या शाळेच्या औटकीवर बेहद्द खूश व्हायचे. कारण काय ते मी कधी सांगितलं नाही.

त्याच सुमारास साखर कार्डावर मिळायला लागली आणि मोठी गंमत झाली. जी माणसं वर्षानुवर्षं बाईंच्या पानात बळंच लाडू टाकत होती, तीच आता साळसूद चेहरा करून दारात. "बाई, तुम्हाला काय उपयोग साखरेचा?" बाई म्हणायच्या, "अगंबाई! तुम्हीच नाही का म्हणत होतात, थोड्यानं काही होत नाही?" आणि साखर कुणालाच द्यायच्या नाहीत. साठवून साठवून शाळेच्या खेळाच्या दिवशी सगळ्या पोरींना लिंबाचं सरबत केलं. पिंपात डाव घालून स्वतः ढवळत होत्या, तोंडानं औटकी चालू.

पण त्या काही दगडाच्या नव्हत्या. एका संक्रांतीला मी तिळगूळ देऊ की नको अशा विचारात त्यांच्या खोलीवर गेले, तर बाई जमिनीवर बसलेल्या. पुढ्यात शेजाऱ्यांनी ठेवायला दिलेली गुळाची ढेप, आणि बोटं चिकट. मी दारातच थिजले. "बघतेस काय?" त्या म्हणाल्या, "खाल्ला. चांगले पाच-सहा खडे खाल्ले. पहिला खाल्ला तेव्हा वाटलं, एकच." मग उठून हात धुतले. मला वाटलं, आता रडतील. छे! "आज हरले मी. म्हणून उद्या खेळायचंच नाही, असं कुठं लिहिलंय?" असं म्हणून त्यांनी ढेप माझ्या हातात दिली आणि ज्याची त्याला नेऊन पोचवायला लावली.

पुढच्या थंडीत त्यांच्या उजव्या पायाला चपलेचा अंगठा चावला. एवढंसं घासलं, पण चिघळलं. नगरला नेलं तोवर अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. डॉक्टरांनी ते काढलं आणि सांगितलं, "जखम भरली तर पाय तुमचा, नाहीतर घोट्यापासून कापावा लागेल." ती जखम काही केल्या भरेना. महिना गेला, दोन गेले, उन्हाळा गेला. रोज संध्याकाळी मी पट्टी बदलायला जायची, आणि पट्टी सोडताना आम्ही दोघी श्वास धरून बसायचो.

पाय गेला तर बाईंचं सगळंच गेलं असतं. दर जूनमध्ये त्या उसातल्या वस्त्या-वस्त्यांवर पायी हिंडून मुली गोळा करायच्या. आईबापांशी भांडून, कधी पोरीला कडेवर मारून. "मुली काय आपल्या पायांनी शाळेत येतात? त्यांना माझ्या पायांनी आणावं लागतं," त्या म्हणायच्या. आणि खुंटीवरचं पत्र लिहिणारे सोनईचे दीर वाट बघतच बसले होते. वहिनींना आता कोण सांभाळणार, इकडेच आणू, असा निरोपही येऊन गेला होता. लंगड्या विधवेला परत त्या माजघरात!

अशात श्रावणात पाटलांकडं सत्यनारायण निघाला. हे पाटील शाळा कमिटीचे चेअरमन. माणूस वाईट नव्हता. मोठी बागायत, मोठा आवाज, मोठं मन, आणि आपला शब्द खाली पडलेला खपत नाही असा स्वभाव. बोलावणं आलं म्हणजे जाणं भाग. बाई काठी टेकत आल्या. कथा झाली, आरती झाली, आणि पाटलीणकाकू प्रसादाचा शिरा घेऊन आल्या. सव्वा शेराचा, केळी घातलेला, तूप सुटलेला. बाईंनी द्रोण कपाळाला लावला आणि शेजारच्या मुलीच्या हातात दिला.

पाटलांनी ते बघितलं. "बाई, परसादाला न्हाई म्हनू न्हाई," ते हसतच म्हणाले. "कथेत ऐकलं न्हवं आत्ता? परसाद टाकून गेली तिच्या नवऱ्याची नाव बुडाली. येक कन घ्या."

"नको पाटील."

"आवं येक कन! त्येनं काय हुतंय?"

"मी एक कण खाल्ला तर अख्खं पातेलं खाईन. मला मी ठाऊक आहे. नको."

माजघरातल्या बायका वाकून बघायला लागल्या. पाटलांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आणि मी, माझी मेली अक्कल! माझी तर पाचावर धारण बसली होती. बाईंना वाचवायचं म्हणून मी पटकन बोलून गेले, "बाईंनी काशीला गोड सोडलंय!"

काशीला जाऊन आवडती वस्तू सोडायची आपल्याकडं रीतच आहे. सोडलेल्या वस्तूचा आग्रह कुणी करत नाही, उलट मान देतात. झालंही तसंच. "आगं बया!" बायका म्हणाल्या. "सांगायचं न्हाई का आधी! एवढा नेम हाय बाईंचा!" पाटलांनी कानाला हात लावले. पाटलीणकाकू तर पदर पसरून बाईंच्या पाया पडायला वाकल्या. मला वाटलं, सुटलो.

"उठा पाटलीणबाई," बाई म्हणाल्या. आवाज असा, की काकू अर्ध्यातच थांबल्या. "ही पोरगी खोटं बोलतेय. मी काशी बघितलेली नाही आणि मी काहीही सोडलेलं नाही. मला शिरा आवडतो. या शिऱ्याचा वास आल्यापासून माझं कथेत लक्ष नव्हतं. बाविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा माझ्याकडून सगळं सोडवून घेतलं लोकांनी, मला न विचारता. ते मी भांडून परत मिळवलं आणि पोटभर खाल्लं. आज मला साखरेचा आजार आहे. बोट गेलंय, पाय जायच्या वाटेवर आहे, आणि मला पाय पाहिजे. म्हणून मी नको म्हणतेय. मी म्हणतेय. काशी नाही, देव नाही, आणि मेलेला नवरा तर नाहीच नाही."

पाटील लालबुंद झाले. "पूजेच्या घरात असलं वंगाळ आजाराचं नाव! ह्ये काय बोलनं झालं? मी नगरला बोर्डात लिवतो, बाई. दुसरी मास्तरीन बघतो."

"लिहा," बाई म्हणाल्या आणि काठी उचलली.

वाटेत मी रडत रडत म्हटलं, "बाई, चुकलं माझं. मी तुमच्या भल्यासाठी..." करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी माझी गत. बाई उसाच्या कडेला थांबल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "भल्यासाठी! माझे दीरही भल्यासाठीच करतात. तू मला मखरात बसवलंस, इंदू. मखरातल्या बाईला भूक लागत नाही, तिला काही आवडत नाही, ती आपली नेम पाळते. मला भूक लागते गं. रोज लागते. आणि रोज मी तिच्याशी भांडते. ते माझं भांडण तू काशीच्या नावावर करून टाकलंस?" आणि काठी टेकत त्या एकट्याच पुढं निघाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठ-दहा दिवस गेले असतील. दुपारच्या सुट्टीत शाळेच्या मागच्या दारानं पाटलीणकाकू आल्या. हातात अंबाडीच्या भाजीचं गाठोडं, ते निमित्ताला. मला बघून अडखळल्या, पण बाईंनी "तिच्यासमोर बोला" म्हटल्यावर हळूच बसल्या. "बाई, त्या दिशी तुमी बोलला ना... मलाबी लई तहान लागती. पायाला मुंग्या येत्यात. आन आमच्या मोरीत खऱ्या मुंग्या लागत्यात वो. कुनाला सांगू? वंगाळ रोग म्हनत्याल."

बाईंनी गाठोडं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "वंगाळ काय त्यात? साखर आहे ती, चोरी नाही." आणि पुढच्याच बाजारी माहेरी जायच्या बहाण्यानं काकूंना नगरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. निघाला तोच आजार. काकू पथ्य शिकल्या, औटकीसुद्धा शिकल्या, अक्षरओळख नव्हती तरी. पण नवऱ्याला सांगायचं म्हटलं की हातपाय गाळायच्या. "त्येस्नी न्हाई म्हनायचं धाडस न्हाई हुत," म्हणायच्या. मी बाईंना म्हटलं, तुम्ही सांगा पाटलांना. "अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "तिचं नको तिनंच म्हणायला पाहिजे. मी म्हटलं तर परत तेच झालं." माझ्याकडं एक तिरका कटाक्षही टाकला. माझं पाप अजून पुसलं गेलं नव्हतं.

पाटलांनी नगरला लिहिलं की नाही कोण जाणे, बदली काही आली नाही. जखम मात्र दिवाळीनंतर भरू लागली. कडांनी गुलाबी कातडी धरली, रोज तांदळाच्या दाण्याएवढी. एका संध्याकाळी पट्टी सोडली तर ती कोरडी. मी पुन्हापुन्हा बघितलं. बाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "बाई, भरली." त्यांनी पाय हातात घेतला, तान्ह्या मुलासारखा कुरवाळला आणि म्हणाल्या, "एक बोट दिलं. बाकी नऊ माझी." मग मलाच जवळ घेतलं. त्या दिवशी कुठं मला माफी मिळाली. पुढच्या जूनमध्ये त्या वस्त्यांवर हिंडल्या, आणि त्याच्या पुढच्याही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पंधरा ऑगस्टला, सत्तेचाळीस साली. माझं लग्न ठरलं होतं, आठवड्यानं मी राहाता सोडणार होते. शाळेपुढं झेंडा लागला, पोरींनी गाणी म्हटली. साखरेची एवढी मारामार, तरी पाटलांनी कुठून कुठून जमवून पेढे करवले होते आणि तबक स्वतः हातात घेऊन वाटत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते पहिल्यांदा बाईंपुढंच आले.

"बाई, मागलं सोडा. आज न्हाई म्हनू नका. आज देशाचा सन हाय."

"सण माझाही आहे," बाई म्हणाल्या. "पण पेढा नको, पाटील."

सगळा गाव बघत होता. पाटलांचा चेहरा उतरला, मग तापला. शेजारी पाटलीणकाकू उभ्या होत्या. त्यांच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "घे गं तू. दाव ह्येस्नी सन कसा करत्यात त्ये."

काकूंनी पेढ्याकडं बघितलं. त्यांनी बाईंकडं बघितलं, पण बाई मुद्दाम झेंड्याकडं बघत होत्या.

"मलाबी नगं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मला साखरेचा आजार हाय. दोन वर्सं झाली. मला न्हाई चालत." आणि त्यांनी पेढा परत तबकात ठेवला, नीट, बाकीच्या पेढ्यांच्या रांगेत.

बाईंनी मान वळवली. त्यांच्या गालांवर पाणी आलं होतं, आणि ते पुसायची तसदी न घेता त्या पोरींवर ओरडल्या, "चला, ओळीत! बघता काय? फेरी कुणी काढायची?" पोरी धावल्या. ओळ निघाली. पुढं मथूबाई, किंचित लंगडत, मान ताठ, आणि त्यांच्या बरोबरीनं पदर सावरत पाटलीणकाकू. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याच्या पुढं चालत होत्या त्या.

पाटील तबक धरून तिथंच उभे होते. मी पुढं होऊन तबक त्यांच्या हातातून घेतलं, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "दोन वर्सं?"

"हो," मी म्हटलं.

"आन मी दर बाजाराला तिला पेढं आनत हुतो. समोर बसवून खायला लावत हुतो," पाटील म्हणाले. "मला वाटायचं, तिला आवडत्यात."